रेमोंदबाई दार उघडत नाहीत

गावाचा नकाशा काढताना मी रेमोंद काझनाव ह्या बाईंचं स्वयंपाकघर सार्वजनिक करून टाकलं.

आमच्या मोंतार्नाकच्या वेशीला दोन बुरूज आहेत. एक रिकामा, त्यात पारवे राहतात. दुसऱ्यात रेमोंदबाई. रिकामा बुरूज पाहुण्यांसाठी उघडायचा असं पालिकेत ठरलं, आणि नकाशा काढायचं काम माहिती केंद्रात नुकत्याच चिकटलेल्या माझ्याकडे आलं. आम्ही गावची माणसं वेस नेहमी आतूनच बघतो. आतून बघताना डावीकडचा बुरूज रिकामा. पण पाहुणा बाहेरून येतो, आणि बाहेरून येणाऱ्याच्या डाव्या हाताला रेमोंदबाई पडतात, हे मला जिल्ह्याच्या गावी दोन वर्षं पर्यटन शिकूनही कुणी सांगितलं नव्हतं. मी लिहिलं, ‘वेशीतला डावा बुरूज. पहारेकऱ्याची जुनी खोली. प्रवेश मोफत. दार ढकलून आत यावे.’ नकाशांचे गठ्ठे छापून आले, आणि दुसऱ्याच दिवशी एक डच कुटुंब दार ढकलून आत गेलं.

रेमोंदबाई घमेलंभर गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. डच बाईंनी आधी चुलीचा फोटो काढला, मग पायांचा. गृहस्थांनी भांड्यावरचं झाकण उचलून वास घेतला. पालिकेनं खोलीत शोभेला एक म्हातारी पगारावर ठेवली आहे, अशी त्यांची समजूत झाली असावी. थोड्या वेळानं रेमोंदबाई अनवाणी, ओल्या पायांनी माहिती केंद्रात आल्या. डच गृहस्थांची बाही त्यांच्या मुठीत होती.

“तिबो, हे तुझं का रे?”

“काय, बाई?”

“हा माणूस. माझ्या घरात सापडला.”

मी माफी मागितली, नकाशे मागे घेतो म्हणालो. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण आमचे नगराध्यक्ष फाब्रिस बुस्के यांच्या कानावर ते गेलं, आणि ते हसत हसतच केंद्रात आले. बुस्केसाहेब कौलांचे व्यापारी आहेत. कुठलीही इमारत दिसली की ते आधी छप्पर बघतात आणि मग किंमत.

“तिबो, ह्याला चूक म्हणू नकोस,” ते म्हणाले. “लोकांना पारव्यांची घाण कशाला बघायची? लोकांना चूल हवी, जिना हवा, वेशीवरची खिडकी हवी. हे सगळं कुठे आहे?”

“रेमोंदबाईंकडे.”

“मग पहारेकऱ्याचं संग्रहालय कुठे होणार?”

माझ्या चुकीला आता डोकं उगवलं होतं, आणि ते नगराध्यक्षांच्या खांद्यावर होतं.

रेमोंदबाई म्हणजे बुटक्या, रुंद, कमरेला कायम निळा एप्रन. जन्म त्याच बुरुजातला. सगळी उमेद आलुबुखारांच्या कारखान्यात गेली, सरकत्या पट्ट्यावरची सुकी फळं निवडण्यात. एकदा मालकानं पट्ट्यावर बायकांनी आपसात बोलायचं नाही असा नियम काढला. बाई आपसात बोलायच्या थांबल्या आणि आलुबुखारांशी बोलायला लागल्या. “या मालक, या. फारच सुरकुतलात हो! तुम्ही दुसऱ्या प्रतीत बसा.” दोन-तीन दिवसांत सगळा पट्टा आलुबुखारांना ‘मालक’ म्हणू लागला. नियम कधी गेला ते कुणी जाहीर केलं नाही, पण गेला.

त्यांचे यजमान फेर्नां खालच्या खोऱ्यातले. त्यांची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या वेशीचं सांगावं लागेल.

ऑगस्टात संत रोकच्या जत्रेला सगळं गाव पहाटे वेशीबाहेर पडतं, शेतातल्या छोट्या देवळात प्रार्थना करतं आणि बँड वाजवत परत येतं. गाव बाहेर पडलं की रेमोंदबाई आतून वेशीचा अडसर लावतात. पूर्वी प्लेगच्या दिवसांत वेस बंद असायची आणि कुणाला आत घ्यायचं ते वेसकर ठरवायचा, त्याची ही आठवण. परत आल्यावर नगराध्यक्ष दार ठोठावतात, वरच्या खिडकीतून बाई ठरलेले प्रश्न विचारतात, टोपलीतून लसणाच्या साराचा वाडगा खाली सोडतात. नगराध्यक्ष सार पितात, तळाशी राहिलेल्या सारात लाल वाइन ओततात, वाडगा तोंडाला लावून रिकामा करतात, आणि मग दार उघडतं.

आता गंमत अशी की आमच्या तटाला पलीकडून भलंमोठं भगदाड आहे. गाड्या आत याव्यात म्हणून पणजोबांच्या काळातच तट तिथे पाडलाय. डांबरी रस्ता आहे, बस येते. वेशीचं दार बंद असलं तर ज्याला आत यायचंय तो वळसा घालून, सिगरेट संपायच्या आत, चौकात पोचतो. पण जत्रेच्या सकाळी भगदाडातून गावचा माणूस येत नाही. का, ते विचारू नये. येत नाही म्हणजे येत नाही.

फेर्नां लग्न ठरल्यावरच्या पहिल्याच जत्रेला उशिरा उठला, आणि खोऱ्यातला माणूस, हातात फुलं घेऊन सरळ भगदाडातून आला. त्या दिवसापासून तो ‘भगदाड्या’. रग्बीच्या मैदानावर दोनचार जणांना अंगावर घेऊन पळणारा गडी, पण नाव भगदाड्याच राहिलं. वारला तेव्हा संघातल्या जुन्या मित्रांनी फुलांच्या चक्रावर पट्टी लावली, ‘आमच्या भगदाड्यास.’ पाद्रीबुवांनी कपाळाला आठ्या घातल्या. रेमोंदबाई म्हणाल्या, “राहू द्या. दुसऱ्या नावानं तिकडे त्याला कोण ओळखणार?”

तर अशा ह्या बाईंकडे बुस्केसाहेब फळांचा केक घेऊन गेले. मोजपट्टी घेऊन मागे मी.

“रेमोंदबाई,” साहेब म्हणाले, “नदीकाठी आपण ज्येष्ठांसाठी इमारत बांधलीये. तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरची खोली ठेवलीये. लिफ्ट आहे.”

“मी आता दुसऱ्या मजल्यावर आहे. एक मजला वर जायला घर सोडू?”

“हा जिना बघा. उद्या पडलात तर?”

“पडले तर खालीच जाईन ना? तुमच्या इमारतीच्याच दिशेनं.”

साहेबांनी केक कापला. बाईंनी हात लावला नाही. मी भिंत मोजत होतो आणि आकडा दर वेळी वेगळा येत होता.

“हे बघा,” साहेबांनी आवाज खाली आणला, “घर पालिकेचं आहे. कागद आहे माझ्याकडे.”

“असेल. माझ्याकडे कागद नाहीच. माझ्या आजोबांना तेव्हाच्या नगराध्यक्षांनी जत्रेच्या दिवशी वेशीत उभं राहून सांगितलं, ‘अडसर सांभाळशील तोवर घर तुझं.’ सगळ्या गावानं ऐकलं.”

“ऐकणारे सगळे गेले हो, बाई.”

“त्यांची नातवंडं आहेत की. तुझे आजोबा तेव्हा बँडमध्ये ढोल बडवत होते, फाब्रिस. म्हणून तुला ऐकू आलं नसेल.”

‘तुम्ही’चं ‘तू’ झालं तेव्हाच मी मोजपट्टी गुंडाळायला घेतली. पण साहेब उठेनात.

“अडसराची काळजी नको. तो तिबो लावेल.”

रेमोंदबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “हा? ह्याला डावं-उजवं कळत नाही.”

जिना उतरताना साहेब मला म्हणाले, “हिवाळ्याच्या आत ती खाली असेल.” वरून आवाज आला, “केक घेऊन जा!”

बुस्केसाहेबांचा बेत तयार होता. ऐतिहासिक गावांची निवड करणारी एक समिती आहे. तिच्या यादीत गाव गेलं की रस्त्यावर पाटी लागते, पाहुणे वाढतात. साहेबांनी समितीच्या अध्यक्षबाईंना नेमकं जत्रेच्या सकाळीच बोलावलं. वेशीचा सोहळा दाखवायचा, सार प्यायचं, दार उघडलं की टाळ्यांच्या कडकडाटात संग्रहालयाची घोषणा करायची. सगळ्या गावासमोर जाहीर झाल्यावर बाई काय करणार?

जत्रेच्या पहाटे त्यांनी मला बुरुजात पाठवलं. “बाई नीट वागतील एवढं बघ. आणि खिडकीबाहेरचे कपडे काढ. समितीला चादरी नाही दाखवायच्या.”

मी वर गेलो. गाव देवळाकडे निघून गेलं होतं. खाली उतरून दोघांनी मिळून अडसर लावला, परत वर आलो. तो ओकाचा आहे आणि त्याचं वजन साधारण माझ्याइतकंच असावं. मग मी चादरीला हात घातला.

“ठेव ते,” बाई म्हणाल्या. “वाळल्या नाहीत.”

“साहेबांनी सांगितलंय.”

“साहेबांना सांग, वाळल्या नाहीत. लसूण सोल.”

मी बसलो. गावभरासाठी सार करायचं म्हणजे लसूण थोडाथोडका लागत नाही. बाईंनी बदकाच्या चरबीत तो परतला, पाणी घातलं, शिळ्या पावाचे काप वाडग्यांत रचले. एक शब्द बोलल्या नाहीत. रेमोंदबाई बोलतात तेव्हा भीती नसते.

“बाई, आज काही करणार नाही ना?”

“मी काय करणार? दार बंद आहे, चूल पेटलीये. दर वर्षीचंच.”

बँड जवळ आला. मी खिडकीच्या कडेला उभं राहून पाहिलं. सगळं गाव खाली. पुढे कमरेला नगराध्यक्षपदाचा रेशमी पट्टा बांधलेले बुस्केसाहेब, शेजारी पांढऱ्या टोपीतल्या अध्यक्षबाई. वर वेशीच्या कमानीवर रेमोंदबाईंच्या दोन चादरी आणि एक झगा. साहेबांनी वर पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मग दार ठोठावलं.

“कोण आलंय?” बाईंनी खिडकीतून विचारलं.

“गाव आलंय.”

“आजारी कोण?”

“कुणी नाही.”

“उपाशी कोण?”

“सगळे!” सगळं गाव एका आवाजात ओरडलं. पोरं टाळ्या पिटू लागली. आता टोपली खाली यायची. टोपली आली नाही.

“आणि हे घर कुणाचं?” रेमोंदबाईंनी विचारलं.

टाळ्या थांबल्या.

“बाई,” साहेब हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून म्हणाले, “हा प्रश्न रिवाजात नाही.”

“‘उपाशी कोण’ हाही नव्हता. युद्धात माझ्या आईनं वाढवला. आज मी हा वाढवते. घर कुणाचं?”

“घर गावाचं आहे.”

“मग गावानं उघडावं. गावाला खांदे आहेत, दाराला अडसर आहे. या.”

खाली हशा पिकला. खाटीक ओरडला, “साहेब, सांगून टाका! ऊन चढतंय!” शाळेच्या बाई म्हणाल्या, “सार निवतंय!” साहेबांनी मान वर करून मला पाहिलं आणि डोळ्यांनीच हुकूम दिला. मी खाली अडसराकडे जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं. मग रेमोंदबाईंकडे. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मी उघडणार नाही हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. नोकरीचा विचार मनात आला, नाही असं नाही. मी पुढचा लसूण सोलायला घेतला.

तेवढ्यात खाली अध्यक्षबाईंचा आवाज आला. “अहो बुस्के, त्या बाजूनं रस्ता आहे ना? आम्ही गाडीनं तिथूनच आलो.”

बँडमधल्या ट्युबावाल्यानं आपला भलामोठा पितळी कर्णा तोंडापासून दूर केला.

“आहे,” साहेब म्हणाले.

“मग तिकडून जाऊ या.”

“आज तिकडून कुणी जात नाही, मादाम.”

“मनाई आहे?”

“नाही.”

“मग?”

साहेबांचा चेहरा त्यांच्या दुकानातल्या कौलांसारखा लाल झाला. “मादाम, ते... तुम्हाला नाही कळायचं.”

खिडकीतून रेमोंदबाई पुढे वाकल्या. “का नाही? या की, फाब्रिस! भगदाडातून ये. माझ्या जिन्याचं दार उघडंच आहे. वर ये, मला खांद्यावर टाक आणि ने त्या लिफ्टमध्ये. कागद आहे ना तुझ्याकडे? कागद दाखव आणि भगदाडातून ये.”

कुणी हसलं नाही. आता ती थट्टा राहिली नव्हती. साहेब खरंच जाऊ शकले असते; वळसा घातला की काम झालं. त्यांनी एकदा त्या बाजूला पाहिलं. त्यांचे वडील, काका, दुकानातली सगळी गिऱ्हाइकं मागे उभी राहून बघत होती. साहेबांनी पाऊल उचललं, खाली ठेवलं, आणि तिथेच उभे राहिले.

अध्यक्षबाई मात्र चालू लागल्या. कोपऱ्यावरून वळल्या, थोड्या वेळानं जिन्यात टाचा वाजल्या आणि त्या धापा टाकत स्वयंपाकघरात आल्या.

“भगदाडातून आलात?” रेमोंदबाईंनी विचारलं.

“हो.”

“बसा. सार मिळेल. वाइन नाही.”

अध्यक्षबाई बसल्या. वाडगा हातात घेतला. मला हळूच म्हणाल्या, “हे खरंच चाललंय, की समितीसाठी बसवलंय?”

“मादाम, समितीसाठी असतं तर दार केव्हाच उघडलं असतं.”

त्यांनी सार प्यायलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. रेमोंदबाई खिडकीशी तशाच उभ्या. एप्रनचं टोक दोन्ही मुठींत पिळून धरलेलं. ते खालून दिसत नव्हतं, मला दिसत होतं.

खाली दार पुन्हा वाजलं. हलकेच.

“काझनावबाईंचं आहे,” साहेब पुटपुटले.

“काय? ऐकू नाही आलं. ट्युबावाल्या, तुला आलं का रे?”

ट्युबानं एक लांबलचक, नकाराचा भोंगा काढला. आता मात्र गाव पोट धरधरून हसलं. बुस्केसाहेबांनी पट्टा सरळ केला, छाती भरून श्वास घेतला आणि कौलं विकताना काढतात त्या आवाजात ओरडले, “हे घर रेमोंद काझनावचं आहे! अडसर सांभाळेल तोवर तिचं आहे! आता उघड बाई, पाया पडतो!”

“पाया नको पडू,” बाई म्हणाल्या, “पट्टा मळेल.” आणि टोपली खाली सोडली.

साहेबांनी सार संपवलं. तळाशी घोट ठेवला आणि वाइनसाठी हात मागे केला. हात तसाच राहिला. वाइनची बाटली दर वर्षी पालिकेची असते, आणि ती घेऊन साहेबांच्या मागे माहिती केंद्राचा माणूस उभा असतो. ह्या वर्षी माहिती केंद्राचा माणूस वर खिडकीत उभा होता आणि त्याच्या बोटांना लसणाचा वास येत होता.

“अरे तिबो!” साहेब खालून ओरडले.

“राहू दे,” रेमोंदबाई म्हणाल्या. त्यांनी ओट्याखालून स्वतःची एक बाटली काढली, धुळीतली, दिरांनी दिलेली. दोरीला बांधून खाली सोडली. “उधार आहे, सांगून ठेवते!”

साहेबांनी वाइन ओतली, वाडगा वर केला, रिकामा केला. बाई जिना उतरल्या, अडसराच्या एका टोकाला त्या, दुसऱ्याला मी. “डावीकडे ओढ,” त्या म्हणाल्या. मी ओढलं. “दुसऱ्या डावीकडे, गाढवा.” अडसर निघाला, दार उघडलं, बँड आत घुसला. बाईंना उचलायला खाटीक पुढे झाला तर त्यांनी त्याला पळीनं मारलं.

समितीनं ह्या वर्षी आम्हाला यादीत घेतलं नाही. संग्रहालयाची घोषणा झाली नाही. पालिकेच्या कपाटात कागद अजून आहे आणि त्यावर मालक म्हणून पालिकाच आहे. वकिलाला विचाराल तर वेशीत ओरडून सांगितलेल्या शब्दांना किंमत नाही असंच म्हणेल. पण हे म्हणायला वकील बाहेरचा लागेल. आमच्या सभेत हा विषय काढायला अजून कुणी उभं राहिलेलं नाही, बुस्केसाहेब तर नाहीच. नदीकाठची तिसऱ्या मजल्यावरची खोली ट्युबावाल्याच्या आईला मिळाली. तिला लिफ्ट फार आवडते.

राहिली बाटली. साहेब म्हणतात, ते काम माहिती केंद्राचं. मी हिशेबनिसांकडे गेलो, तर ते म्हणतात दुकानाची पावती आणा. दुकानच नव्हतं, बाटली ओट्याखालची. परवा मी बगलेत पाव मारून वेशीतून जात होतो, तर वरून आवाज आला.

“तिबो, बाटली?”

“साहेब आणणार आहेत, बाई.”

“साहेब म्हणतात तिबो आणणार आहे.”

“म्हणजे येतच असेल.”

“येऊ दे, येऊ दे,” रेमोंदबाई म्हणाल्या, आणि चादर झटकून पुन्हा वेशीवर वाळत टाकली.